सामनेवाले क्रमांक तीन

रविवार, १२ जानेवारी

सकाळी पेपर वाचत होतो आणि हॉलमध्ये फाडकन आवाज झाला. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय पाडलंत?" या घरात काही पडलं की ते मीच पाडलेलं असतं, असा हिचा पक्का समज आहे. उठून पाहतो तर सोफ्यासमोरच्या दोन फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या. कोणी हात लावलेला नाही, कोणी पाय दिलेला नाही.

छत्रीच्या मुठीने बाकीच्या वाजवून पाहिल्या. निम्म्याहून जास्त बद्द वाजतात. घराला अजून वर्षही झालेलं नाही. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढून, निवृत्तीनंतर बांधलेलं हे एकुलतं एक घर. ही कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि मग तंबूभोवतीचा केर काढायला लागली.

सोमवार, १३ जानेवारी

बारका येऊन गेला. बारका म्हणजे हिचा धाकटा भाऊ. म्हणायला बारका, पण दारातून आत यायचं तर अंग जरा तिरकं करावं लागतं. त्याच्या जन्मानंतर आई गेली आणि तो हिच्या कडेवर वाढला, त्यामुळे ही त्याची बहीण कमी आणि आई जास्त. तो बांधकामाचे ठेके घेतो. आमचं घर त्यानेच बांधलं. फरशी तर मजुरांवर न सोपवता स्वतः गुडघे टेकून बसवली.

उठलेली फरशी उलटी करून त्याने खालची बाजू खरवडली. राखाडी भुकटी भुरभुर गळाली. "भावोजी, केमिकलने पकडच घेतली नाही," म्हणाला. केमिकल म्हणजे फरशी चिकटवायचं तयार मिश्रण, गोण्यांतून येतं ते. "माल खराब लागला आपल्याला. मी सगळी काढून परत बसवून देतो. माझ्याकडून."

"तुझ्याकडून का? ज्याचा माल त्याने भरून द्यावं."

"कोण देतंय, भावोजी?"

या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी उभी नोकरी कोर्टात स्टेनो म्हणून काढली. न्यायाधीश बोलत गेले आणि मी लघुलिपीत टिपून निकाल टाइप करत गेलो. कोण देतंय म्हणे! कायदा देतो. सदोष माल बदलून मिळतो, नाहीतर किंमत परत मिळते, वर त्रासाची भरपाई. हे सगळं बारक्याला समजावून सांगितलं. तो मान हलवत होता, पण त्याचं सगळं लक्ष फरशीकडे.

शुक्रवार, १७ जानेवारी

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "गोणी आली तशी आम्ही दिली. तुम्ही कंपनीला विचारा." कंपनीचा माणूस फोनवर अगदी गोड. "आमचा माल उत्तमच असतो सर. बसवणाऱ्याने पाणी जास्त घातलं असेल." हे दुकानदाराला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, हो, तसंच झालं असणार. म्हणजे एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे, चूक बारक्याची.

बुधवार, २२ जानेवारी

दुपारी ही उठलेल्या फरशीला अडखळली. पडली नाही, सोफा धरला, पण आधीच दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार आला. संध्याकाळपर्यंत पाय स्टुलावर. मी शेक द्यायला बसलो तर म्हणाली, "बारक्याला बोलवा आणि करून टाका एकदाचं."

मी म्हटलं, आता फरशीला हात लावायचा नाही. तो पुरावा आहे. मी ग्राहक मंचात तक्रार करणार, तिथले अभियंते येऊन पाहणी करेपर्यंत फरशी आहे तशी राहिली पाहिजे. ही "बरं" म्हणाली. हिच्या "बरं"चे अनेक प्रकार आहेत, त्यातला हा कुठला ते कळलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

ग्राहक मंचासाठी तक्रार लिहून झाली. वकील लावलेला नाही, इथे स्वतः बाजू मांडता येते. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, ते क्रमांक एक, कंपनी. क्रमांक दोन, दुकानदार. क्रमांक तीन, बसवणारा ठेकेदार.

तिसरं नाव घालताना हात थोडा अडखळला, हे कबूल करतो. पण "आवश्यक पक्षकार वगळल्याने तक्रार फेटाळण्यात येते" हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं त्याची गणती नाही. ज्याच्या हातून काम झालं त्याला बाहेर ठेवलं तर उद्या कंपनी त्याच्याच डोक्यावर खापर फोडेल आणि तो उत्तर द्यायला तिथे नसेल. यात वैयक्तिक काही नाही. कागद नीट झाला पाहिजे.

हिला वाचून दाखवलं. गुडघ्याचा मजकूर येताच म्हणाली, "माझा पाय कशाला कागदावर?" मग तिसरं नाव आलं. हिने माझ्याकडे पाहिलं, उठली आणि दूध गरम करायला गेली. दूध सकाळीच तापवलेलं होतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तिन्ही सामनेवाल्यांना नोटिसा पोचल्या. सामनेवाले क्र. ३ यांचा फोन आला. आधी नेहमीसारखं "जेवलात का" विचारलं. मग म्हणाला, "भावोजी, कागद आलाय. मी कुठे यायचं ते सांगा, येतो." मी तारीख सांगितली.  फोन हिच्याकडे दिला. ही फोन घेऊन गच्चीत गेली आणि बऱ्याच वेळाने खाली आली.

त्यानंतर तो घरी आलेला नाही. खटला चालू असताना पक्षकारांनी अंतर ठेवलेलंच बरं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दर गुरुवारी जुन्या कोर्टाच्या ग्रंथालयात जाऊन निवाडे वाचायचे ठरवलंय. तिथले कर्मचारी ओळखीचे, खुर्ची मिळते, पंख्याखाली मिळते. मला वाटलं होतं दिवसभर एकटं राहायला लागणार म्हणून ही कुरकुरेल. उलट सकाळी लवकर उठून डबा भरून दिला आणि वर म्हणाली, "घाई करू नका, सगळं नीट वाचून या." खटल्यात हिला गोडी वाटू लागली याचं बरं वाटलं.

परत आलो तर हॉलच्या मधोमध मोठी कुंडी. म्हणे तिथे ऊन चांगलं येतं. "तिकडून जाऊ नका, पान मोडेल." पुरुषभर जागा सोडून वळसा घालून जातोय.

गुरुवार, ६ मार्च

बद्द वाजणाऱ्या फरश्यांवर मी खडूने फुल्या मारून ठेवल्या होत्या. हिच्या पुसण्यात त्या जातात, म्हणून आज ग्रंथालयातून आल्यावर परत छत्रीने वाजवून मारायला घेतल्या. आणि काय आश्चर्य, फुल्या कमी भरल्या. सोफ्यासमोरचा तंबू तर आपोआप खाली बसला आहे! मी खाली वाकून पाहिलं, अगदी सपाट.

हिला विचारलं. म्हणाली, "हवा बदलली ना." शक्य आहे. उन्हाने पदार्थ प्रसरण पावतात, हे शाळेत शिकलोय, मग बसतही असतील. पण हे असंच चाललं तर पाहणीपर्यंत माझी तक्रारच बरी होऊन जायची.

कुंडी आता खिडकीजवळ गेली आहे. तिथेही ऊन चांगलं येतं म्हणे.

बुधवार, १२ मार्च

बारक्याचा लेखी जबाब आला. एका पानाचा, त्याच्याच हातचा, वळणदार. "फरशी मी बसवली. ती उठली ही चूक माझी आहे. मी ताईला ती पूर्ण नवीन करून देण्यास तयार आहे. भावोजींनी इतर कोणाला त्रास देऊ नये."

कबुली! मी तो कागद घेऊन समोरच्या वकीलबाईंकडे गेलो. कोर्टात त्या युक्तिवाद करायच्या तेव्हा मी टिपून घ्यायचो, तेव्हापासूनची ओळख. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"स्टेनोसाहेब, खूश का झालात?"

"कबुली आहे ना."

"कंपनी पेढे वाटेल यावर. चूक बसवणाऱ्याची, त्याने मान्य केली, आमचा माल चांगला. तुमचा मेहुणा बुडणार आणि कंपनीला ओरखडासुद्धा यायचा नाही. तुम्ही ज्याला साक्षीदार म्हणून बाजूला उभं करायचं, त्याला नेऊन समोर उभं केलंत. कागद मात्र सुरेख टाइप केलाय."

वर म्हणाल्या, "एकाच जबाबात 'ताई' आणि 'भावोजी' लिहिणारा सामनेवाला मी अजून पाहिला नव्हता."

घरी येऊन जेवलो. कागद बिनचूक आहे, यात मला अजूनही शंका नाही. तरी काहीतरी चुकलंय.

रविवार, २३ मार्च

बाजारात बारक्याच्या ओळखीचा सुतार भेटला. बोलता बोलता म्हणाला, दोन घरांची कामं बारक्याच्या हातून गेली. लोक म्हणतात, सख्ख्या बहिणीच्या घरून नोटीस आली म्हणजे काहीतरी असणारच.

हे हिला सांगितलं नाही. कसं कोण जाणे, हिला आधीच ठाऊक असावं असं वाटलं, कारण आज जेवताना ही माझ्याशी मीठ मागण्यापलीकडे काही बोलली नाही.

मला बारक्याची आठवण येते. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवतो. तो आला की घर लहान वाटायचं आणि मी कुरकुरायचो. आता घर मोठं वाटतं आणि तेही बरं वाटत नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

ग्रंथालयातून आलो, चप्पल काढली तर तळव्याला काहीतरी टोचलं. प्लास्टिकचं बारीक अधिकचं चिन्ह. फरश्यांमध्ये सारखी फट राहावी म्हणून लावतात ते. बांधकामाच्या वेळचं इतके दिवस कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. मोरीत दोन कप विसळून पालथे घातलेले होते. हिला एकटीला दोन कप चहा लागतो हल्ली, दगदग वाढली आहे. हिच्या कोपराला राखाडी काही लागलं होतं, तेही मी दाखवलं. "भांडी घासली," म्हणाली.

पाहणीची तारीख पडली, येत्या मंगळवारी. आज फरश्या वाजवल्या. हॉलमध्ये एकही बद्द वाजत नाही. एकही नाही. परत पहिल्यापासून वाजवत आलो, तेच.

मंगळवार, ८ एप्रिल

आजचं सगळं नीट लिहितो.

मंचाने नेमलेली अभियंता एक तरुण मुलगी निघाली. खांद्याला पिशवी, हातात रबरी हातोडा, सोबत दोन मजूर. कंपनीचे वकील आणि दुकानदारही आले. बारक्याला बोलावणं होतं, पण तो फाटकाबाहेरच उभा राहिला.

तिने हॉलभर गुडघ्यांवर फिरून एकेक फरशी वाजवली. "इथे ठीक आहे. इथेही ठीक." कंपनीच्या वकिलांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. मी छत्री हातात धरून उभा. वाटलं, उभं आयुष्य दुसऱ्यांचे खटले टाइप केले आणि स्वतःचा एक धड उभा करता आला नाही.

मग ती थांबली. दोन फरश्यांमधल्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, हा सांधा नवा आहे. भिंतीलगतचा जुना, पिवळट. ही फरशी पुन्हा बसवलीय. कोणी?"

मी म्हणालो, "शक्यच नाही. मी हात लावू दिलेला नाही."

"माझ्या भावाने," ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "दर गुरुवारी."

 कंपनीचे वकील लगेच उसळले. पुरावा नष्ट केला, तक्रार इथेच संपली, वगैरे. मला त्यांचं बोलणं लांबून ऐकू येत होतं. डोळ्यांसमोर कुंडी फिरत होती, हॉलच्या मधोमधून खिडकीपर्यंत, गुरुवारमागून गुरुवार. ताज्या बसवलेल्या फरशीवर पाय पडू नये म्हणून.

मुलीने वकिलांना हातानेच थांबवलं. "काकू, फरश्या त्याच?"

"त्याच. त्याने एकेक खरवडून धुतल्या."

"आधी तुमच्या भावानेच बसवल्या होत्या?"

"हो, तोच. केमिकल तेवढं दुसऱ्या कंपनीचं."

"आणि जुनी, बद्द वाजणारी एकही शिल्लक नाही?"

"आहे ना. आतल्या खोलीत, कपाटाखाली सगळी जुनीच. कपाट त्याला एकट्याला हलेना आणि माझा गुडघा हा असा. यांना सांगायची सोय नव्हती."

मजुरांनी कपाट सरकवलं. तिने खालची फरशी नुसती बोटांनी उचलली. खाली भुकटी. तिची पुडी बांधून सगळ्यांसमोर लाखेची मोहोर केली, प्रयोगशाळेकडे पाठवायला. मग फोटो काढत, कोणाकडे न बघता म्हणाली, "फरशी तीच, जमीन तीच, बसवणारा हात तोच. बदललं काय, ते मी अहवालात लिहीन." दुकानदार हळूच कंपनीच्या वकिलांपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

मी फाटकाकडे पाहिलं. बारका निघून गेला होता.

बुधवार, ९ एप्रिल

काल रात्रभर आणि आज दुपारपर्यंत मी हिच्याशी बोललो नाही. माझ्याच घरात सामनेवाला येतो, माझ्याच कपातून चहा पितो आणि मी ग्रंथालयात बसून त्याच्याविरुद्ध निवाडे काढतो! सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं. खूप राग आला होता.

दुपारी ही समोर येऊन बसली. "रागवा," म्हणाली. "पण एक सांगा. मी पडले असते तर तुमचा कागद मला उचलणार होता का?"

मी म्हटलं, "मी हे तुझ्यासाठीच करत होतो."

"माहितीये. तोही."

 राग कधी गेला ते कळलं नाही. संध्याकाळी वकीलबाईंकडे जाऊन अर्ज टाइप केला, सामनेवाले क्र. ३ यांची साक्ष नोंदवावी म्हणून. बारक्याला फोन केला. "जेवलास का?" विचारलं. मग साक्षीचं सांगितलं. तो म्हणाला, "येतो भावोजी, तारीख सांगा."

शुक्रवार, २३ मे

प्रयोगशाळेचा अहवाल आला आहे. मिश्रणात चिकटपणा आणणारा घटक जवळपास नाहीच. तरी कंपनीने शेवटचा जोर लावायचा ठरवलेला. मंचाच्या अध्यक्षबाईंनी उलटतपासणीला परवानगी दिली.

बारका इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, पोटावर बटणं ताणलेली. मी सवयीने वही काढली आणि लघुलिपीत टिपत गेलो. जबाबात चूक कबूल का केली, असं विचारलं. म्हणाला, "काम माझं होतं. नाव माझंच लागणार." पाणी किती घातलं, किती वेळ घोटलं, कुठल्या थापीने लावलं, सगळ्याची उत्तरं त्याने शांतपणे दिली.

मग वकिलांनी आवाज चढवला. "ज्या माणसाने तुमच्यावर तक्रार केली, तुमचा धंदा बसवला, त्याच्याच घरी तुम्ही चोरून जाऊन फुकट काम केलंत. यावर कोणी विश्वास का ठेवावा?"

बारक्याला प्रश्नच नीट कळला नसावा, असं त्याचं तोंड झालं. म्हणाला, "तक्रार भावोजींची आहे साहेब. फरशीवरून ताई चालते."

अध्यक्षबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. इतक्या वर्षांत कोणी कितीही भरभर बोललं तरी माझं वाक्य कधी सुटलं नव्हतं. आज वहीत त्या जागी काहीच नाही. इथे लिहिलंय ते आठवून.

बुधवार, २ जुलै

निकाल हातात आला. सामनेवाले क्र. १ व २ यांनी संयुक्तपणे उरलेल्या कामाचं साहित्य द्यावं, झालेल्या दुरुस्तीचा खर्च द्यावा, तक्रारदारास त्रासाची भरपाई द्यावी. सामनेवाले क्र. ३ यांचा कोणताही दोष आढळून येत नाही, त्यांच्याविरुद्धची तक्रार खारीज. एवढंच वाक्य मी हिला दोनदा वाचून दाखवलं. टाइपाच्या दोन चुका आहेत, त्या सांगितल्या नाहीत.

गुरुवार, १० जुलै

सकाळी ही सवयीने डबा भरून घेऊन आली. मी म्हटलं, आज कुठे जायचं नाही. डबा हिने ओट्यावर ठेवला.

बारका आला. दारात माझ्या चपला बघून थबकला. "भावोजी, तुम्ही घरी?"

"आतल्या खोलीचं राहिलंय ना," मी म्हटलं.

हिने कपाटातले कपडे काढून पलंगावर रचले होते. ओट्यावर तीन कप मांडलेले होते. बारका कपाटाच्या एका बाजूला गेला आणि नेहमीसारखा एकटाच हलवायला लागला. मी छत्री कोपऱ्यात ठेवली आणि दुसरी बाजू धरली.